हौसेची पावती

ग्विलिमला काय द्यायचं, हा प्रश्न
तीन आठवडे माझ्या पिशवीत फिरतोय,
कांद्या-बटाट्यांच्या खाली.

तेवीस वर्षं झाली, तो शेडमध्ये बिअर मुरवतो.
त्याच्याकडे सगळं आहे,
म्हणजे सगळ्याच्या जागी काहीतरी आहे:
सहलीच्या आइसबॉक्सला भोक पाडून केलेलं
धान्य भिजवायचं भांडं,
शाळेच्या लिलावातली सुपाची टाकी,
आणि लाउरीची लहानपणीची स्लीपिंग बॅग
जिच्यात आता हिवाळ्यात
पिंप गुंडाळून झोपवतात.

लाउरी फोनवर म्हणाली, कूपन दे, संपलं.
पासष्टाव्या वाढदिवसाला कूपन!

बँगोरच्या दुकानातला दाढीवाला पोरगा म्हणाला,
अनुभवी आहेत ना? मग ही घ्या.
निमुळत्या बुडाची स्टीलची टाकी, तीन पायांवर,
चुकीच्या गावात उतरलेलं यानच जणू.
किंमत ऐकून मी पर्स दुसऱ्या हातात घेतली.
मग त्यानं एक तरंगणारी नळी दाखवली,
बिअरमध्ये सोडायची,
साखर किती उरली ते ती फोनवर कळवते.
मी विचारलं, मग रात्री अकराला
चपला घालून, टॉर्च घेऊन
बघायला कोण जाणार?
पोरगा म्हणाला, तेच तर, जावंच लागत नाही.
मी नळी परत दिली.

लागणारं सगळं तो स्वतः आणतो, कुरकुरत:
पाइप, रबरी चकत्या, हॉप्सची पाकिटं.
गरज हे त्याचं खातं.
मला असं काही हवं होतं
ज्याच्यावाचून त्याचं घोडं कधीच अडलं नाही.

ते मिळालं आमच्याच गल्लीत.
मेरिग गेला, रॅम पब बंद झाला,
आणि डिलिसनं खुर्च्यांपासून आरशांपर्यंत
सगळं फुटपाथवर मांडलं.
त्यात बिअरचा हातपंप होता,
हंसाच्या मानेसारखी वळलेली पितळी नळी,
काळी चिनीमातीची मूठ, एका बाजूला झिजलेली.
गुरुवारी शेवटची बस डेपोत लावून
ग्विलिम याच मुठीकडे बघत उभा राहायचा,
माझा नवरा, जो माझ्याकडे बघतानाही
घड्याळ बघतो.

दोनशे चाळीस पौंड.
मी घासाघीस करणारच होते,
पण डिलिस फडक्यानं ती मूठ पुसत होती,
पुसून झाल्यावरही पुसत होती.
मी नोटा मोजल्या.
हौसेला मोल नसतं म्हणतात,
पावती मात्र असते.
ती मी पडद्यांच्या कॅटलॉगमध्ये ठेवली,
ज्या पानावरचे पडदे आता येणार नव्हते, त्या पानात.

त्यानं कागद फाडला. गप्प.
मग विचारलं, आतलं सील कधी बदललंय?
चाळीस वर्षांच्या संसारात मला कळतं,
याला आमच्या भाषेत काय म्हणतात.

चार दिवस पंप टेबलावर उघडा पडला होता,
आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो.
पाचव्या दिवशी त्यानं पहिला हात ओढला.
पंप खोकला. बाहीवर फेस.
दुसऱ्या ओढीला तपकिरी, शांत,
काठोकाठ.

आणि मग त्यानं सांगितलं,
जे दुकानातल्या पोरानं सांगितलं नव्हतं:
असं ओढलं की पिंपात हवा शिरते,
तीन दिवसांत संपवावी लागते सगळी.
चाळीस लिटर?
चाळीस, तो म्हणाला,
आणि पहिल्यांदाच थोडा घाबरलेला दिसला.

त्या शेडमध्ये तेवीस वर्षं
दुसरी खुर्ची नव्हती.
शनिवारी बादल्या उलट्या घालून लोक बसले,
शेजारचा हिवेल, बस डेपोतले दोघे,
चर्चमधली ऑर्गनवाली, जी पीत नाही म्हणते.
डिलिस दारात उभी होती, आत येईना.
ग्विलिम मुठीपासून बाजूला झाला.
फक्त एवढंच. बाजूला झाला.

तिच्या मनगटाला सगळं आठवत होतं,
किती ओढायचं, कुठं थांबायचं.
पहिला ग्लास तिनं मला दिला.
मी घोट घेतला, सगळे बघत होते.

खरं सांगायचं तर
मला ती अजूनही कडूच लागते.